दहावीनंतरच्या सुट्टीत मुलाला केअर होममध्ये जाऊ देऊ का? (ठाणे)

सुमेधा_ठाणे | १२ एप्रिल, रात्री ११:०५

नमस्कार मंडळी,

मुलाची दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपली. पहिले पंधरा दिवस झोप, क्रिकेट आणि मोबाइल. आता त्याने एक नवीनच काढलंय, आणि मला काय उत्तर द्यावं ते सुचत नाहीये.

घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीपासून दोन बसस्टॉप पुढे एका बंगल्यात केअर होम आहे. हिंडत्याफिरत्या लोकांचा वृद्धाश्रम नव्हे. बहुतेक जण अंथरुणाला खिळलेले, पक्षाघात झालेले, काही स्मृतिभ्रंशाचे. काही जण कित्येक वर्षं तिथेच आहेत. मुलाच्या मित्राची आजी तिथे आहे, तिला भेटायला हा दोनदा गेला आणि घरी येऊन म्हणाला, "आई, मी दर रविवारी जाणार." तिथल्या मॅनेजरबाई म्हणाल्या, जरूर पाठवा, पण आईवडिलांचं संमतीचं पत्र हवं. ते पत्र चार दिवस टेबलावर पडून आहे.

माझे सासरे सहा वर्षांपूर्वी घरीच गेले. शेवटचे सात महिने अंथरुणावर होते. हा तेव्हा दहाचा. डायपर, औषधांचा वास, रात्रीचं कण्हणं... आम्ही त्याला त्या खोलीत फारसं जाऊच दिलं नाही. दार लोटलेलं असायचं. बरोबर केलं की चूक, हे मला अजून कळलेलं नाही.

तर प्रश्न असे. या वयात हे झेपतं का? तिथे त्याने काय करावं, कशाला हात लावू नये? आणि मला सगळ्यात टोचणारा प्रश्न: तिथल्या माणसांना याचा खरंच उपयोग होतो, की आपल्या मुलांवर संस्कार व्हावेत म्हणून आपण त्यांना वापरून घेतो?

---

कोपरीकर | १२ एप्रिल, रात्री ११:२०

सही करा आणि पाठवा. सोळा वर्षांचा मुलगा सुट्टीत रविवारी सकाळी आपणहून उठून कुठेतरी जातो म्हणतोय, मी तर पेढे वाटले असते :)

---

निशिगंध | १३ एप्रिल, सकाळी ७:४८

वाचतेय. माझी लेक नववीत आहे, तिच्याही डोक्यात असंच काहीतरी चाललंय.

---

पारसिक | १३ एप्रिल, सकाळी ९:३०

मी स्पष्टच लिहितो. पाठवू नका. निदान एकट्याला तरी नको.

माझा भाचा अकरावीत असताना कॉलेजने वीस-पंचवीस मुलांना अशाच एका ठिकाणी नेलं. एका आजीने त्याचं मनगट धरलं आणि "मला घरी ने रे, मला घरी ने" म्हणत सोडेचना. शेवटी तिथल्या मावशींनी एकेक बोट सोडवून हात मोकळा केला. बरोबरचे मोठे लोक तेव्हा बाहेर चहा पीत उभे होते. परतीच्या बसमध्ये गाणी लावली होती. पोरगा आठवडाभर नीट झोपला नाही, आणि नक्की काय झालं ते आम्हाला दोन महिन्यांनी कळलं, कारण तोवर त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

मुलं कणखर असतात वगैरे ठीक आहे. पण मुलाला मरणाच्या इतकं जवळ नेऊन बसवायचं, तर शेजारी एक मोठं माणूस हवं आणि घरी आल्यावर विचारणारं कोणीतरी हवं. हे दोन्ही नसेल तर त्याने क्रिकेटच खेळावं.

---

उत्तरायण | १३ एप्रिल, दुपारी ४:१५

सुमेधाताई, मी नेरुळच्या एका वृद्धाश्रमात राहते. वय ७९. टॅबवर एका बोटाने लिहिते, म्हणून उशीर झाला. तुमचा शेवटचा प्रश्न वाचून लिहायला बसले.

१ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा आंतरराष्ट्रीय दिवस. संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली तो ठरवला. त्या दिवशी आमच्याकडे सकाळपासून माणसांची रीघ असते. केळी, बिस्किटांचे पुडे, शाली, फोटो. एका वर्षी एका दिवसात मला तीन वेळा ओवाळलं. मंडळी मनाने चांगली असतात, पण त्यांतल्या कोणाचं नाव मला आज सांगता येणार नाही, आणि त्यांनाही माझं सांगता येणार नाही.

याउलट एक कॉलेजची मुलगी दर बुधवारी पाच वाजता यायची. आमच्या मजल्यावरच्या एका बाईंपाशी बसायची, दोघी मिळून शब्दकोडं सोडवायच्या. ती येणार म्हणून त्या बाई चार वाजताच वेणी घालून तयार. खांदा धरल्यामुळे त्यांचा हात वर जात नसे, म्हणून वेणी मी घालून द्यायची. पुढे मुलीचं बारावीचं वर्ष सुरू झालं आणि ती यायची थांबली. सांगून थांबली असती तर काहीच म्हणणं नव्हतं, अभ्यास आम्हालाही कळतो. पण ती सांगून गेली नाही. त्यानंतर सहा का सात बुधवार मी त्या बाईंची वेणी घालत होते.

म्हणून तुमच्या मुलाला सांगा, महिन्यातून एकदाच ये, पण जो दिवस सांगशील तो पाळ. येणार नसशील तर आदल्या दिवशी फोन कर. आणि कायमचं थांबायचं असेल तेव्हा समोर बसून सांग.

आणखी एक. आमच्याशी बाळाशी बोलल्यासारखं बोलू नये, गालाला हात लावू नये. मी ३४ वर्षं शाळेत गणित शिकवलं. मला 'आजी'पेक्षा 'बाई' म्हटलेलं जास्त आवडतं. कोणाला काय म्हणायचं ते विचारून घ्यावं.

---

निशिगंध | १३ एप्रिल, दुपारी ४:४०

बाई, वेणीचं वाचून पुढचं वाचवेना.

---

नाडीपरीक्षा | १३ एप्रिल, रात्री १०:१०

पारसिक यांच्या दोन्ही अटींना पूर्ण अनुमोदन.

मी डॉक्टर आहे, अशा दोन ठिकाणी व्हिजिटला जातो. सुमेधाताईंचा मधला प्रश्न राहिलाय, तो घेतो.

भरवायचं नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं. पक्षाघाताच्या पेशंटची गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते. घोटभर पाणीसुद्धा श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. आजोबांनी कितीही कळवळून पाणी मागितलं तरी आधी सिस्टरला विचारायचं. घरून लाडू-वडी न्यायची असेल तर तीही आधी सिस्टरच्या हातात.

उचलायचं नाही, कुशीवर वळवायचं नाही. बेडसोर (झोपून राहिल्याने पडणाऱ्या जखमा) होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलतात, ते काम शिकलेल्या मावशी-मामांचं. व्हीलचेअर ढकलायला दिली तर थांबताना दोन्ही ब्रेक लावायचे आणि पेशंट उठायच्या आधी पायाच्या पट्ट्या वर करायच्या. एवढ्याशा चुकीने खुब्याचं हाड मोडतं.

सर्दी-खोकला असेल त्या आठवड्यात सुट्टी. जाताना आणि निघताना साबणाने हात धुवायचे.

बोलताना त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला बसावं. ऐकू कमी येतं म्हणून मुलं किंचाळतात. पण म्हातारपणी बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात, त्यामुळे किंचाळल्यावर आणखीच कळत नाही. आवाज खाली आणून सावकाश बोलायचं.

वेळ सकाळची उत्तम. स्मृतिभ्रंशाच्या पेशंटना दिवस मावळायच्या सुमारास बेचैनी वाढते, 'घरी जायचंय' सुरू होतं. पारसिक यांच्या भाच्याला भेटलेल्या आजी कदाचित त्यातल्याच असतील.

---

पारसिक | १३ एप्रिल, रात्री १०:३५

संध्याकाळचीच वेळ होती. हे तेव्हा कोणीतरी सांगायला हवं होतं.

---

बेलापूरकर | १४ एप्रिल, सकाळी ८:०२

सर्टिफिकेट मिळतं का बघा. आजकाल ॲडमिशनला विचारतात.

---

निशिगंध | १४ एप्रिल, सकाळी ८:२०

@बेलापूरकर, सर्टिफिकेटसाठी आजारी माणसापाशी जायचं? मला नाही पटत.

---

बेलापूरकर | १४ एप्रिल, सकाळी ९:४५

निशिगंध, राग नको. मी स्वतः तास भरायलाच गेलो होतो. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली, तिच्यात वर्षाला १२० तास भरावे लागतात. मला फक्त ते तास हवे होते. एका आजोबांना पत्रं लिहून द्यायचं काम मिळालं. लेकाला पत्र, पेन्शनच्या ऑफिसला पत्र, बँकेला पत्र. १२० तास कधी संपले ते माझ्या लक्षातच आलं नाही, सरांनी सांगितलं. कोण कशासाठी आत शिरला यापेक्षा नंतर टिकला का ते बघावं.

---

मिसिसागावासी | १४ एप्रिल, रात्री ९:१२

आम्ही कॅनडात ऑन्टारिओत राहतो. इथे हायस्कूल डिप्लोमासाठी ४० तास सामाजिक काम करावंच लागतं. १९९९ पासूनचा नियम आहे. त्यामुळे इथल्या लाँग टर्म केअर होम्सना शाळकरी मुलांची सवय आहे. माझ्या मुलीने पंधराव्या वर्षी सुरू केलं. आधी क्षयरोगाची तपासणी, फ्लूची लस, मग दोन संध्याकाळी प्रशिक्षण. डॉक्टरसाहेबांनी वर लिहिलंय जवळजवळ तेच सगळं तिला शिकवलं. फोन लॉकरमध्ये. आत फोटो काढायला सक्त मनाई.

तिला एका पंजाबी आजींची सोबत दिली. मुलीचं हिंदी म्हणजे आमच्याकडे टीव्हीवर चालणाऱ्या जुन्या सिनेमांतलं, त्यामुळे ती त्या आजींशी "आप तशरीफ़ रखिए" असल्या थाटात बोलायची आणि आजी पोट धरून हसायच्या. ४० तास झाल्यावरही ती जात राहिली.

वर्षभराने त्या आजी गेल्या. केअर होममधून मुलीला फोन आला, तिची पुढची फेरी यायच्या आधी. त्यांचा नियमच आहे, येणाऱ्या मुलाला रिकामा पलंग बघून कळता कामा नये. त्या रात्री ती आमच्या खोलीत गादी टाकून झोपली. पुढच्या आठवड्यात गेली आणि दुसऱ्या एका बाईंपाशी बसली.

सुमेधा, मॅनेजरबाईंना एवढं नक्की सांगून ठेवा. असं काही झालं तर आधी तुम्हाला फोन करायचा.

माझी आई नौपाड्यात एकटी आहे, दिवसभर ब्युरोची बाई असते. हा धागा वाचताना लक्ष सारखं तिकडे जातंय.

---

कोपरीकर | १४ एप्रिल, रात्री ९:३०

@मिसिसागावासी, नौपाडा मला दहा मिनिटांवर आहे. आईंना काही लागलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मनापासून सांगतोय.

---

वाशीहून | १५ एप्रिल, दुपारी १:१०

मला वेगळाच प्रश्न पडतो. अशा ठिकाणी आईवडिलांना ठेवणारी माणसं कशी असतील? २००७ च्या कायद्याने आईवडिलांना सांभाळणं मुलांवर बंधनकारक आहे ना? आधी त्यांना धरा, मग आपली मुलं तिथे पाठवा.

---

नाडीपरीक्षा | १५ एप्रिल, दुपारी २:२५

@वाशीहून, कायदा आहेच. निर्वाहासाठी प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. गरीब, निराधार ज्येष्ठांसाठी सरकारने प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम काढावा असंही त्या कायद्यात लिहिलंय. पण मी बघतो त्यातले कितीतरी पेशंट असे, की त्यांची मुलगी रोज ऑफिसमधून सुटून ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला येते, तासभर आईपाशी बसते आणि परत कोपरखैरण्याला जाते. राइल्स ट्यूब (नाकातून भरवायची नळी), कॅथेटर (लघवीची नळी), एअर बेड आणि रात्रपाळीची बाई, हे सगळं वन बीएचकेत करून बघा. घरच्यांना नावं ठेवू नका, हात जोडून विनंती.

मात्र कुठे मारहाण, बांधून ठेवणं किंवा हेळसांड दिसली तर मुलांनी गप्प बसू नये. आधी आईवडिलांना सांगावं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

---

वाशीहून | १५ एप्रिल, दुपारी ३:००

रात्रपाळीच्या बाईचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. शब्द मागे घेतो.

---

काजवा | १५ एप्रिल, रात्री ११:५०

मी १७ वर्षांचा आहे, ऐरोलीत राहतो, बोलून टाइप करतोय. आठ महिने एका केअर होममध्ये जातोय, म्हणून मुलांच्या बाजूने लिहितो.

पहिले दोन महिने मी चुकीचं करत होतो. एक आजी आहे, तिला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे. मी गेलो की विचारायचो, "ओळखलं का मला?" ती माझ्याकडे बघत राहायची आणि मग तिचं तोंड एवढंसं व्हायचं. एकदा रडली. सिस्टर मला बाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, तू रोज तिची परीक्षा घेतोस आणि रोज तिला नापास करतोस. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

आता मी आत गेल्यावर स्वतःच सांगतो, "आजी, मी ऐरोलीचा, पत्ते खेळायला आलोय." ती म्हणते, "मग बस की." पत्त्यांचा जोड हातात दिला की ती असे पिसते, मला पण येत नाही तसे. खेळताना नियम मध्येच बदलतात, चालतं. हरलो तर माझ्या डोक्यात टपली मारते.

सुमेधाकाकू, त्याला म्हणावं पहिल्या दिवशी बोलायला काही सुचलं नाही तरी ठीक आहे. मी पहिल्या दिवशी नुसता खिडकी पुसत होतो.

---

नाडीपरीक्षा | १६ एप्रिल, सकाळी ७:३०

काजवा, शाब्बास. नावं आणि कालच्या घटना आधी पुसल्या जातात, हाताला लागलेली सवय बरीच उशिरा जाते. पत्ते पिसणं, वाती वळणं, शेंगा सोलणं. तेच धरून चालायचं.

---

निशिगंध | १६ एप्रिल, सकाळी १०:०५

अवांतर: नेदरलँड्समध्ये डेव्हेंटर नावाच्या गावी ह्युमानिटास म्हणून ज्येष्ठांचं निवासस्थान आहे. तिथे काही कॉलेजची मुलं भाडं न देता राहतात, बदल्यात महिन्याला ३० तास शेजारधर्म पाळायचा. शुश्रूषा करायची नाही, फक्त चांगला शेजारी व्हायचं. वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. ठाण्यात खोलीचं भाडं बघता इथे तर मुलांची रांग लागेल.

---

कोपरीकर | १६ एप्रिल, सकाळी १०:१५

त्या रांगेत माझा नंबर पहिला. वय तेवढं विचारू नका :)

---

सुमेधा_ठाणे | १६ एप्रिल, रात्री १०:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. पत्रावर सही केली. रविवारी दहा ते साडेअकरा, मी बरोबर जाणार. उत्तरायण बाईंचा प्रतिसाद मुलाला मोठ्याने वाचून दाखवला. त्याने दोनदा वाचायला लावला.

---

सुमेधा_ठाणे | ८ जून, रात्री ९:५५

धागा वर काढतेय. सात रविवार झाले, मधला एक चुकला.

पहिल्या रविवारी घरी आला आणि जेवायला नको म्हणाला. पारसिक यांचं वाचलेलं होतं, म्हणून मी ओटा आवरायचं ठेवून त्याच्यापाशी जाऊन बसले. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, आपल्या आजोबांच्या खोलीत पण असाच वास यायचा ना? मला दाराबाहेरून यायचा." त्या सात महिन्यांत आजोबांना काय काय झालं, काय दुखायचं, ते याच्याबद्दल काय विचारायचे, हे सगळं मी त्याला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. दोन वाजून गेले. मग दोघांनी गार वरणभात खाल्ला.

त्याला एका ८३ वर्षांच्या आजोबांपाशी बसायला सांगितलंय. उजवी बाजू लुळी आहे, बोलणं सावकाश पण स्वच्छ. ते ठाण्यातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते, आयुष्यभर खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरं) जुळवले. माझा मुलगा इंग्रजी माध्यमाचा, मराठी पेपर वाचताना जोडाक्षर आलं की अडखळतो. पलंगावरच्या टेबलावर पेपर पसरायचा, एका बाजूला हा, समोर आजोबा. पहिल्या दिवशी 'कर्तृत्व' शब्दाशी गाडी अडली. आजोबांनी पलीकडून डाव्या हाताचं बोट बरोबर त्या शब्दावर ठेवलं आणि म्हणाले, "रफार सोडू नकोस." त्यांच्या बाजूने पेपर पूर्ण उलटा होता! हा बघतच राहिला. मग त्यांनी समजावलं, की खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं आणि जुळवलेली ओळ खालची बाजू वर धरून वाचायची असते. साठ वर्षांची ती सवय. आता पैज लागते, हा सुलटा वाचतो, ते उलटा. अजून तेच जिंकतात.

मी उपयोग होतो का असं विचारलं होतं. तिथल्या मामांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. आजोबा खुर्चीत बसायला तयारच नसायचे. फिजिओ सांगून थकले होते. झोपून पेपर पसरता येत नाही, म्हणून रविवारी आता ते आपणहून "मला बसवा" म्हणतात. गेल्या आठवड्यात बुधवारीही म्हणाले.

मे महिन्यात चिपळूणला लग्नाला जायचं होतं. याने आदल्या रविवारी आजोबांच्या कॅलेंडरवर त्या तारखेला फुली मारली आणि पुढच्या तारखेला गोल केला. मी सांगितलं नव्हतं. अकरावीचं कॉलेज सुरू झाल्यावरही रविवार ठेवणार म्हणतोय, बारावीला कमी करावं लागलं तर समोर बसून सांगेन, असं आत्ताच त्यांना सांगून आलाय.

---

पारसिक | ८ जून, रात्री १०:२०

वाचलं. भाच्यालाही पाठवलं.

माझं मत तेच आहे, मोठं माणूस बरोबर हवं. मी वर्तकनगरला राहतो आणि रविवारी सकाळी मोकळा असतो. निशिगंध यांची लेक आणि आणखी दोघंतिघं मुलं येणार असतील तर त्यांच्याबरोबर मी थांबायला तयार आहे. बाहेर चहाला जाणार नाही.

---

निशिगंध | ८ जून, रात्री १०:३२

लेक शेजारी उड्या मारतेय. कधी यायचं?

---

सुमेधा_ठाणे | ८ जून, रात्री १०:४०

मॅनेजरबाईंना उद्या विचारते. एका वेळी दोनपेक्षा जास्त मुलं नकोत असं त्या म्हणाल्या होत्या, तर पाळ्या लावू. संमतीपत्राचा नमुना व्यनि करते.

---

उत्तरायण | ९ जून, सकाळी ११:०५

सुमेधाताई, मुलाला माझे आशीर्वाद सांगा. आणि त्या कंपोझिटर गृहस्थांना माझा एक प्रश्न विचारा. गणिताच्या पुस्तकात अंश वर, छेद खाली आणि मध्ये रेघ, असे अपूर्णांक खिळ्यांमध्ये कसे बसवत असत? फळ्यावर ते लिहिताना दर वर्षी माझ्या मनात यायचं, पण विचारायला कोणी भेटलं नाही.

---

सुमेधा_ठाणे | ९ जून, दुपारी १२:३०

बाई, प्रश्न त्याने वहीत उतरवून घेतलाय. रविवारी विचारतो म्हणाला, आणि उत्तर तुम्हाला तोच लिहिणार आहे, मराठीत.